लाळेतली लाल रेघ

चांगुणा मिश्री लावायला शिकली ती आईच्या मांडीवर बसून. नागुबाई तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि चिमूटभर लेकीच्या बोटावर ठेवायची. पुढं नागुबाईच्या गालात गाठ आली. गालाला भोक पडेपर्यंत कुणी दवाखान्याचं नाव काढलं नाही. शेवटी नांदेडला नेलं, डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि महिनाभरात म्हातारी गेली. सुरी लागली म्हणून आजार पसरला, असं गावानं ठरवून टाकलं. चांगुणानंही तेच मनात धरलं. मिश्री मात्र सुटली नाही.

चाकूरजवळच्या त्याच गावात ती अंगणवाडीत मदतनीस होती. गेल्या हिवाळ्यात भावाची मुलगी लुंबिनी तिथं शिबिर घेऊन आली. लुंबिनी नांदेडला संशोधन करायची. तिच्या पथकानं कागदी पट्ट्या बनवल्या होत्या. पट्टीत सोन्याचे कण होते, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. तोंडाच्या कॅन्सरची चाहूल लाळेत लागली, की ते कण एका जागी धरले जायचे आणि तिथं लाल रेघ उमटायची.

"आत्या, आधी तू थुंक. मग बाकीच्या बाया येतील," लुंबिनी हसत म्हणाली.

चांगुणा हसतच पुढं झाली. थोड्या वेळानं लुंबिनीनं दुसरी पट्टी घेतली, मग तिसरी. तिन्हींवर रेघ आली. लुंबिनीनं तिला आडोशाला नेलं.

"हे शेवटचं उत्तर न्हाई, आत्या. आमची पट्टी चुकू शकते. पण लातूरला तोंड दाखवून घे. लागलं तर डॉक्टर बारका तुकडा काढतील."

तुकडा म्हटल्यावर चांगुणाला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

त्या दिवसापासून ती आरशासमोर जीभ उलटीपालटी करून बघायची. दुखत नव्हतं, काही दिसतही नव्हतं. दिसलं असतं तर निदान कुठं बघायचं ते कळलं असतं. तिखट लागलं की हात थांबायचा. अंगणवाडीत लेकरांना भरवताना आपला श्वास त्यांच्यावर जाऊ नये म्हणून ती तोंड फिरवायची. घरी तिनं आपलं ताट, पेला वेगळा काढला. लुंबिनीचा फोन आला की उचलायची नाही.

नवऱ्याला, ग्यानोबाला, वाटलं ती रुसली आहे. एके दिवशी जेवताना त्यानं आपलं ताट उचललं आणि तिच्या ताटाला लावून ठेवलं.

"काय झालं ते सांग. माझं काय चुकलं का?"

"आवो, सरका तिकडं. लागल तुमाला."

"काय लागल?"

मग तिनं सगळं सांगितलं. ग्यानोबाचा घास हातातच राहिला. सासूचे शेवटचे दिवस त्यानंही पाहिले होते. मग त्यानंच लुंबिनीला फोन लावला आणि चांगुणाच्या कानाला धरला.

"सुरी लागली की पसरतंय ना गं?" चांगुणानं विचारलं. "खरं सांग."

"न्हाई, आत्या. आजीचं आधीच पसरलेलं होतं. उशीर झाला होता, म्हणून गेली."

"आन् तुझी पट्टी खोटी निघाली तर?"

"तर सगळ्यात जास्त मला बरं वाटेल. तुझी रेघ बघितल्यापासून मलाबी झोप न्हाई."

पोरगीही भ्यालेली आहे हे ऐकून चांगुणाला धीर आला नाही. पण दुसऱ्या दिवशी ती लातूरच्या बसमध्ये बसली. सारा रस्ता ग्यानोबाचं मनगट तिनं सोडलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी जीभ वर उचलली आणि खालच्या कडेला तांदळाएवढा पांढरा डाग दाखवला. तुकडा काढताना चांगुणानं डोळे मिटले, तर समोर आईचा गाल. अहवाल येईपर्यंत आजार आत पळत सुटलाय असंच तिला वाटत राहिलं.

पट्टी खोटी नव्हती. कॅन्सरच होता, पण नुकता कुठं सुरू झालेला. जिभेची कड कापावी लागली, पण मानेत गाठी आल्या नव्हत्या. काही आठवडे बोलणं बोबडं झालं. अंगणवाडीतली लेकरं तिची नक्कल करायची, आणि तिला ते आवडायचं.

मिश्री सुटली. भीती काही सुटली नाही. तपासणीची तारीख जवळ आली की अन्न गोड लागत नाही, जिभेला साधा फोड आला तरी ती पुन्हा आरसा घेऊन बसते. परवा अशाच तपासणीला जाताना शेजारची सिंधु तिच्यासोबत निघाली. तीही मिश्रीवाली, पहिल्यांदाच तोंड दाखवायला चाललेली. बसमध्ये तिनं दबक्या आवाजात विचारलं, "चांगुणाबाई, लई भ्या वाटतंय. तुमाला वाटलं न्हाई का?"

"आताबी वाटतंय," चांगुणा म्हणाली, आणि सरकून तिला खिडकीपाशी जागा करून दिली.