खिळ्यावर टांगलेला हब

सायकलचा स्वस्त हब समोर आला की शिरवण्यातला तो सायकल दुरुस्त करणारा आधी हातोडा उचलायचा. चाकाच्या मधला तो गाभा रेल्वेरुळाच्या तुकड्यावर ठेवायचा, "बोल, कोनाला मारनार तू?" असं विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता हाणायचा. आतले बेअरिंगचे छर्रे गल्लीभर उधळायचे.

तुम्ही म्हणाल, असल्या माणसाकडे सायकल कोण नेतं? आम्ही सगळेच नेत होतो. त्याने बांधलेलं चाक वर्षभर कुरकुरत नसे.

एकदा नेरूळच्या एका सोसायटीचे चेअरमन आले. अंगाला चिकटलेले कपडे, हेल्मेटवर कॅमेरा. "हब बजेटमधला आहे, पण परफॉर्मन्स..." एवढंच बोलले. हातोडा पडला. चेअरमननी त्याची कॉलर धरली. त्याने त्यांना जुन्या टायरांच्या ढिगात फेकलं. कॅमेऱ्यात सगळं नीट आलं होतं, म्हणून ते कुणालाच दाखवलं गेलं नाही.

मी एकदा धीर करून स्वस्त हबची बाजू घेतली. "पाणी शिरतं, आस वाकतो, मान्य. पण तो कुठेही खोलता येतो. छर्रे बदलले, ग्रीस भरलं की पुन्हा धावतो. अर्धं रबाळे त्याच्यावर कामाला जातं."

"माजा भाऊस बी जायचा, सायेब," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं.

तिथे भावाच्या सायकलचा हब टांगलेला असे. रबाळ्याच्या पुलाच्या चढावर भाऊ पेडलवर उभा राहिला, आतलं काहीतरी सटकलं, तो आडवा झाला आणि मागून टेम्पो आला. तेव्हापासून हा हबांना मारत होता. तो एक मात्र त्याने फोडला नव्हता, खोललाही नव्हता.

"खोला तरी एकदा. नुसता आरोप करताय," मी म्हणालो. माझ्यासारख्या पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला पुराव्याची फार हौस.

त्याने खोलला. छर्रे गोल, चकचकीत. आसावर ओरखडा नाही. मग फ्रीव्हील. पेडलचा जोर चाकाला देणारे त्यातले इवलेसे खटके, त्यांना सायकलवाले कुत्रे म्हणतात. त्यांना पातळ तेलाचा थेंब पुरतो. जाड ग्रीस घातलं तर ते उघडतच नाहीत, आणि जोर दिला की पेडल रिकामं फिरतं. हे घट्ट पिवळ्या ग्रीसमध्ये रुतून बसले होते.

"ग्रीस कोणी भरलं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मीच. भाऊस ना माजा. म्हनून जास्त भरला."

त्याने डावा पंजा रुळावर ठेवला. मी झेप घेईपर्यंत हातोडा खाली आला होता. दोन बोटं गेली. त्याचा आवाज हब फुटण्यापेक्षा बराच मऊ होता.

दुकान पुन्हा उघडलं नाही. महिन्याभराने तो माझ्या दारात आला. हाताला पट्टी, पिशवीत तो हब, रॉकेलने लख्ख धुतलेला.

"चांगला हाय. तुमी चालवा."

"बसा, चहा घ्या."

"नको. पातळ तेल घाला. थेंबभरच."

गाव सोडून तो कुठे गेला, शिरवण्यात कुणी सांगत नाही. हब माझ्या मागच्या चाकात आहे, अजून एकदाही सटकलेला नाही. रबाळ्याच्या पुलाशी आलो की मी उतरतो. चढ पायी चढतो, आणि चाक शेजारून टिकटिक करत येतं.