खोली गल्लीच्या ताब्यात

आमच्या गल्लीत ताई म्हटलं की एकच. लहान मुलं तिला ताई म्हणतात, त्यांच्या आया म्हणतात, आणि तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या त्यांच्या आज्याही ताईच म्हणतात. मीसुद्धा म्हणते, फक्त अहोजाहो करत नाही. आम्ही दोघी एका वयाच्या, दोघी एकट्या. माझं शिवणाचं मशीन तिच्या खोलीच्या बरोबर समोर, खिडकीशी आहे. इतकी वर्षं तुरपाई घालता घालता मान वर करून मी त्या खोलीत डोकावत आले आहे. तेव्हा तिच्याबद्दल सांगायचा हक्क मला आहे, कुणाला पटो न पटो.

ती खोली म्हणजे पूर्वीचं सायकल दुरुस्तीचं दुकान. लोखंडी शटर, सिमेंटची जमीन, कोपऱ्यात नळ. एका संस्थेने ती भाड्याने घेतली आणि कामावर जाणाऱ्या बायकांची शाळेआधीच्या वयाची मुलं सांभाळायला ताईला नेमलं. सांभाळायला हा संस्थेचा शब्द. ताईने तिथे काय केलं ते मी पाहिलंय. भिंतीवर मुलांच्या खांद्याइतक्या उंचीवर खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र लावलं, कुणाला कासव, कुणाला छत्री, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपली पिशवी कुठे टांगायची ते कळावं. सुताराकडून लाकडाचे उरलेले तुकडे आणून स्वतः घासून गुळगुळीत केले. माझ्याकडून चिंध्या नेल्या, रंगांप्रमाणे निवडायला. दूध सांडलं तर ओरडायचं नाही, फडकं त्या मुलाच्याच हातात द्यायचं. तीन वर्षांचं पोर आपलं सांडलेलं आपण पुसायचं आणि वर ऐटीत इकडेतिकडे बघायचं.

गल्लीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ताई आयांना दारातूनच परत पाठवायची. आई रेंगाळली की मूल जास्त रडतं, हे तिचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. पण त्यामुळे आत काय चालतं ते कुणीच पाहिलं नाही. सकाळी मूल आत जायचं, संध्याकाळी तोंड धुतलेलं, केस विंचरलेलं बाहेर यायचं. लोकांना वाटायचं, नुसती खेळतात मुलं. खेळवायला काय लागतं?

ताईचं स्वतःचं म्हणाल तर, ती घरातली थोरली. धाकट्या भावंडांना तिने वाढवलं, मग त्यांच्या मुलांना. सगळी मोठी होईपर्यंत हिच्या लग्नाचं वय निघून गेलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता भाचरं लांबच्या शहरांत आहेत. फोन करतात, नाही असं नाही. पण बोलताना मागून टीव्ही ऐकू येतो, आणि 'बरं मावशी, ठेवू का' हे वाक्य लवकर येतं. ताई मागच्या बोळात एका खोलीत राहते. तिथे एक ताट, एक पेला आणि एक खुर्ची आहे. ती ओट्याशी उभ्यानेच जेवते. मी एकदा म्हटलं, अगं बसून तरी जेव. म्हणाली, बसलं की समोर कुणीतरी असावंसं वाटतं.

तर अशा बाईला एके दिवशी संस्थेच्या मॅडमनी येऊन सांगितलं की संस्था या गल्लीतून हात काढून घेणार. वर्षअखेरीपर्यंत गल्लीने खोली आपल्या ताब्यात घेतली, लोक स्वतः पुढे आले, तर खोली चालेल. नाहीतर शटर खाली.

"लोकांचा आधार उभा करा," असं मॅडम म्हणाल्या आणि आपल्या गाडीत बसून गेल्या. जणू आधार म्हणजे तंबूची काठी.

मुलांसमोर ताई राणी होती, पण मोठ्या माणसांसमोर तिची जीभ टाळूला चिकटायची. तरी तिने सभा बोलावली. रविवारी सकाळी लोक आले, मुलांच्या छोट्या चटयांवर कसेबसे मावले. आणि ताईने, घाबरल्यामुळे असेल, तिला येत होतं तसं बोलायला सुरुवात केली. तीन टाळ्या वाजवल्या, मान तिरकी केली आणि सुरात म्हणाली, "आता सगळ्यांनी छान मांडी घालायची. आणि मला कोण बरं सांगणार, आपली खोली बंद झाली तर काय होईल?"

किराणा दुकानदार, सहा फुटी, मिशीवाला, त्याने चक्क हात वर केला. खोलीत एकच हशा पिकला. ताईचे कान लाल झाले. ती उठून नळापाशी गेली आणि आधीच स्वच्छ असलेला पेला विसळत राहिली.

पण हसलेली माणसं लगेच उठून जात नाहीत. दुकानदारच म्हणाला, "ताई, सांगा ना. खरंच काय होईल?" तेव्हा तिने पाठमोरीच सांगितलं. तुमचं पोर दिवसभर कुठे बसेल, कुणाच्या मोबाईलसमोर, कुणाच्या अंगणात आणि कुणाच्या मर्जीवर. वळली असती तर बोलू शकली नसती. त्या दिवशी ठरलं की प्रत्येक घराने आठवड्यातली एक सकाळ खोलीला द्यायची. दोन आयांनी ताईच्या हाताखाली रोज यायचं आणि सगळं काम शिकायचं. भाड्याचं दुकानदाराने आपल्या अंगावर घेतलं.

मला वाटलं, जिंकली बाई! पण खरी गंमत पुढेच आहे.

लोक येऊ लागले. रात्रपाळी संपवून रुग्णालयातली नर्स यायची, तिची छोटी तिथेच होती. निवृत्त पोस्टमन आजोबा नातवासाठी यायचे. आणि ताई? ताईने डोळ्यांत तेल घालून त्यांची प्रत्येक गोष्ट पाहिली आणि ते गेल्यावर प्रत्येक गोष्ट पुन्हा केली. पोस्टमन आजोबांनी चटया गुंडाळल्या की ती उलगडून घड्या घालायची. दुकानदाराने मुलांचे हात धुतले की ती परत धुवायची. मी खिडकीतून बघत होते आणि माझं टाळकं सणकत होतं.

त्या खोलीतली मुलं घरी जाऊन सगळं जसंच्या तसं सांगतात. ताईनेच लावलेली सवय ती. रोज जाताना विचारायची, आज घरी काय सांगाल? तर नर्सच्या छोटीने घरी सांगितलं, "आई, तू घातलेली वेणी ताईंनी सोडली आणि पुन्हा घातली."

नर्स दुसऱ्या आठवड्यात आली नाही. झोप होत नाही, म्हणाली. मग आजोबांची पाठ दुखायला लागली. दुकानात अचानक सकाळी गर्दी वाढली. सगळ्यांना ताईबद्दल आदर होता, म्हणून खरं कारण कुणी बोललं नाही. शिकायला येणाऱ्या दोघी आया तेवढ्या उरल्या, त्याही भिंतीला टेकून उभ्या. कारण हात लावला की ताई म्हणायची, "राहू दे, मी करते."

"लोक टिकत नाहीत गं," ती माझ्याकडे येऊन म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं.

मी कात्री खाली ठेवली. मला गोड बोलता येत नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. "टिकतील कसे? तुला मदत नकोच आहे. तू कशी एकटी मरमर मरतेस ते बघायला माणसं हवीत तुला."

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "ते नीट करत नाहीत."

"नाही करत. वाकडी वेणी घालतात. मुलं वाकड्या वेणीने मरत नाहीत. खोली बंद झाल्यावर मात्र तुझी सरळ वेणी कुणाच्या डोक्यावर घालणार आहेस?"

"आणि ते करायला लागले," ती अगदी हळू म्हणाली, "तर मी काय करू?"

मी तिला चहा केला.

पुढचे काही दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. समोर खोलीत मात्र त्या दोघी आया आता सगळी कामं करताना दिसायच्या आणि ताई हात मागे बांधून बघत उभी असायची. मला वाटलं, तुटलं आमचं. मग एका सकाळी पाहते तर ती शटरची किल्ली पोस्टमन आजोबांच्या हातात देत होती. आजोबा नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "मी उद्यापासून येणार नाही. दोघी जणी तयार आहेत, त्यांना सगळं येतं. पाळ्या नर्सबाईंनी लावाव्यात." मग नर्सच्या घरी गेली आणि वेणीबद्दल तिची माफी मागून आली. ते मला नर्सनेच सांगितलं, ताई नाही बोलली.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी माझ्याकडे येऊन बसायची. मी तिला बटणं लावायला द्यायची. समोर खोलीत गदारोळ! चटया कशाही टाकलेल्या, आजोबा पत्रं वाटल्यासारखी बिस्किटं वाटताहेत, नर्स बेसूर गातेय आणि मुलं तिच्याहून बेसूर. मध्येच एखादं मूल भोकाड पसरायचं. ताईची सुई थांबायची.

"तो पडलाय."

"पडू दे."

"त्याला पडल्यावर लगेच उचललेलं आवडत नाही. आधी शेजारी बसावं लागतं. त्यांना माहीत नाहीये ते."

"कळेल त्यांना."

तिने सुई बोटात टोचून घेतली, पण उठली नाही. आजोबा त्या मुलाला उचलायला गेले, त्याने लाथा झाडल्या, तेव्हा आजोबा कंटाळून त्याच्या शेजारीच फतकल मारून बसले. थोड्या वेळाने पोर त्यांच्या मांडीला टेकलं. ताईने तोंडावर पदर धरला. आनंद होता की दुःख, मी विचारलं नाही. मला वाटतं दोन्ही होतं, आणि दुसरं जास्त होतं.

हळूहळू गल्ली खोलीवरून भांडायला लागली. नळ गळतो तो कुणी दुरुस्त करायचा, फडकी कुणी धुवायची, काल शटर अर्धंच कुणी ओढलं. दुकानदार आणि नर्स यांची तर भर रस्त्यात जुंपली, मुलांना केळी द्यायची की उकडलेली अंडी यावरून. मी ताईला कोपराने ढोसलं. "ऐक. परक्याच्या खोलीसाठी कुणी इतकं घसा फोडून भांडतं का?" ताई हसली. त्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

वर्षअखेरीला मॅडम आल्या, सगळं बघून गेल्या. खोली गल्लीची झाली असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. ताई मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती.

नवीन पाळ्या लावताना तिने नर्सला विचारलं, मलाही एक दिवस मिळेल का? नर्स ओशाळली. "अहो, तुम्ही कधीही या." पण ताई म्हणाली, "नको. सगळ्यांसारखी पाळी द्या." बुधवार कुणाला सोयीचा नव्हता. तो तिला मिळाला.

एका बुधवारी खोलीतून ती थेट माझ्याकडे आली आणि बसली. बटणं मागितली नाहीत.

"एक नवीन आलाय," ती म्हणाली. "साडेतीन वर्षांचा असेल. तिथे आता मोठ्यांना मुलांच्या नात्यानेच हाका मारतात ना, छोटीची आई, अमक्याचे आजोबा, तसं. तर तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, तू कुणाची आई?"

मी मशीन थांबवलं.

"मी म्हटलं, कुणाचीच नाही रे. मी बुधवारची. तर विचारतो, उद्या कोण येणार? म्हटलं, उद्या आजोबा. बरं, म्हणाला आणि गेला खेळायला." ती खिडकीतून समोर बघत होती. आजोबा आणि दुकानदार मिळून शटर ओढत होते. "पुढच्या बुधवारी येईन असं सांगितलंय त्याला. लक्षात राहील का गं त्याच्या?"

खोटं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढ्या वर्षांत मी तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.

"नाही राहणार," मी म्हटलं.

"हो ना," ताई म्हणाली. "राहताच कामा नये."