हळदीच्या कापडावरचा माणूस

त्या वर्षी आमच्या मुलींच्या शाळेत शरीरशास्त्र हा विषय नव्याने सुरू झाला आणि तो शिकवायचं काम माझ्याकडे आलं. लग्न होऊन सोलापुरात आल्याला मला जेमतेम वर्ष झालं होतं. शाळेने मुंबईहून तक्ते मागवले होते, पण ते काही येईनात. हाडांचा धडा मी फळ्यावर चित्रं काढून कसाबसा उरकला. स्नायूंपाशी मात्र अडले. पुस्तक इंग्रजी, नावं लॅटिन आणि चित्रं तळहाताएवढी. मागच्या बाकावरच्या मुलींना त्यातलं काय दिसणार?

आमचे हे गिरणीत कारकून होते. रविवारी सकाळी मी त्यांना म्हटलं, "अहो, तासभर तुमचं अंग हवंय."

"कशाला?"

"शाळेत न्यायला."

आधी ते दचकले, मग हसले. मी नव्या पेठेतून कोरा मांजरपाट आणून ठेवला होता. तो सोप्यात अंथरला. हे सदरा काढून, धोतराचा काचा मारून त्यावर उताणे झोपले आणि मी कोळशाने त्यांच्या कडेकडेने रेघ ओढू लागले. गुदगुल्या होत होत्या म्हणून ते डोळे मिटून, श्वास धरून पडले होते.

तेवढ्यात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, देवळातून आल्या. पांढऱ्या कापडावर लेक निपचित पडलेला आणि शेजारी सून गुडघे टेकून बसलेली! "अय्यो शिवा!" म्हणून त्यांनी हंबरडा फोडला आणि हातातलं ताट टाकून दिलं. हे ताडकन उठून बसले, तेव्हा तर त्या उंबऱ्यातच बसल्या आणि रडू लागल्या. आम्ही दोघांनी पाणी दिलं, पाय धरले, पण त्या दिवसभर माझ्याशी अक्षर बोलल्या नाहीत. मीही कापड गुंडाळून माळ्यावर टाकलं. नोकरी सोडावी की काय, इथवर माझ्या मनात आलं.

सोमवारी शाळेतून परतले तर अंगणातल्या दोरीवर ते कापड वाळत होतं. पिवळंधमक!

"आत्याबाई, हे काय?"

"हळदीत बुडवलं. पांढऱ्यावर न्हाय काढायचं माझ्या लेकाला," त्या म्हणाल्या. "आन् निजवायचं न्हाय. भिंतीला उभा कर. आता सांग, कशापायी पायजे ते?"

संध्याकाळी हे भिंतीला टेकून उभे राहिले आणि मी पुन्हा रेघ ओढली. आत्याबाई जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या घेऊन बसल्या. मी पुस्तकात बघून सांगायची आणि त्या चिंधीत कापूस भरून, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी पट्टी शिवायच्या. टोकांना पांढरी नाडी लावायच्या, कारण स्नायू हाडाला चिकटतो तो अशाच पांढऱ्या, चिवट कंडरांनी. प्रत्येक पट्टीचं नाव त्या विचारत. खांद्यावरचा त्रिकोणी, म्हणून त्याचं नाव आकारावरून. दंडाच्या पुढच्या स्नायूला वरच्या अंगाला दोन डोकी, म्हणून द्विशिर. मागच्याला तीन, म्हणून त्रिशिर. गालातला चावायचं काम करतो, म्हणून चर्वणाचा. मांडीवरून तिरका उतरणारा लांबलचक एक होता.

"ह्यो कुणाचा?"

"हा शिंप्याचा स्नायू."

"शिंप्याचा? माझ्या लेकाच्या मांडीत शिंपी कुटनं आला?"

शिंपी मांडी घालून बसतो ना, तशी मांडी घालायला हा लागतो, असं मी सांगितलं. आत्याबाईंनी तिथेच मांडी घातली, लुगड्यावरूनच चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय की! लई कामाचा हाय."

उजवा हात मात्र यांनी केला. दोन फळ्या बिजागरीने जोडल्या, तो कोपर. पुढची पट्टी वरच्या फळीवरच्या कडीतून ओवून कोपराच्या जरा खाली खिळली, मागचीही तशीच. पुढची ओढली की हात वाकायचा, मागची ओढली की सरळ व्हायचा.

वर्गात पिवळ्या कापडावरचा लाल माणूस टांगला तेव्हा आधी खसखस पिकली. मी सांगितलं, स्नायू म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. प्रत्येक जुडीला पातळ वेष्टण आणि सगळ्या जुड्यांना मिळून आणखी एक. कित्येकींच्या आया गिरणीत होत्या, सुताच्या आट्या-लड्या सगळ्यांनी पाहिलेल्या. ते लगेच कळलं. मग एकेकीने पुढे येऊन पट्ट्या ओढल्या.

एका मुलीने विचारलं, "बाई, हे सगळे ओढणारेच. मग ढकलणारा कुठला?"

मी म्हटलं, "भिंत ढकल, आणि दुसऱ्या हाताने दंडाची मागची बाजू धर."

तिने जोर लावला आणि ओरडली, "बाई, मागचा घट्ट झाला!"

"म्हणजे तो आखडला. त्याने कोपर ओढून सरळ केलं, म्हणून भिंतीवर जोर पडला. स्नायूला ढकलता येत नाही. तो ओढतो आणि सैल सुटतो, एवढंच. म्हणून वाकवणारा एक, तर सरळ करणारा दुसरा."

घटकाभर सगळा वर्ग भिंती ढकलत होता. आवाज ऐकून मुख्याध्यापिका आल्या, दारात थांबल्या आणि शेवटी स्वतःच पट्टी ओढून पाहिली. पुढे मुंबईचे तक्ते आले तरी मुली पिवळाच माणूस मागत.

त्या पहिल्या दिवशी मात्र धडा संपवून मी जवळजवळ पळतच घरी आले. यांचे आणि आत्याबाईंचे आभार मानायचे होते, पण आमच्या घरात तोंडाने आभार मानायची रीत नव्हती. मी पदर खोचला, गहू भिजवलेले होतेच, ते कांडले आणि भरपूर गूळ घालून खीर, म्हणजे आमच्याकडची हुग्गी केली.

"आज हुग्गी कशापायी गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"सहज."

यांनी माझ्याकडे बघून खाली मान घातली आणि हसू दाबलं.  आत्याबाईंनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "अजून वाढ."