डहीला नेलेली छोटी फाइल

देवासच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. त्यामुळे दोन्हीकडच्या नातेवाइकांत मी कॉम्प्युटरचा डॉक्टर ठरलो आहे. कुणाचा प्रिंटर रुसला की फोन मला येतो, आणि मीही चहा पीत उंटावरून शेळ्या हाकतो. खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

माझे सासरे डही नावाच्या आडगावात राहतात. शिक्षकाची नोकरी तिकडे लागली, त्यांनी कधी बदली मागितली नाही, घर बांधून तिथेच राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी घरचे कुळाचार मराठीत टाइप करायला घेतले. महालक्ष्म्या कशा बसवायच्या, नैवेद्याला काय काय, कुठल्या सणाला कुणाला बोलवायचं, सगळं. माझ्या मुलांचं शिक्षण हिंदीत. ती मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की अडखळतात. तरी सासरे म्हणायचे, लिहून ठेवलेलं बरं, आज ना उद्या कुणीतरी वाचेल.

मग साखर डोळ्यांत उतरली. बोटांना कीबोर्ड पाठ होता, पण पडद्यावर काय उमटलं ते दिसेना. निम्मं लिखाण बाकी होतं आणि झालेलं तपासायचं होतं. मी म्हटलं, बाबा, लिहिलेलं मराठीत वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मिळतं, पुढच्या रविवारी घेऊन येतो. फोनवर त्यांनी विचारलं, त्याला नेट लागेल का, कारण इकडे लाइट गेली की टॉवरही जातो. मी म्हटलं, छे, सगळं पेन ड्राइव्हमध्ये असेल. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी हेच पुन्हा विचारलं. मी थोडा चिडूनच तेच उत्तर दिलं.

त्या घरी जावयाचा थाट अजून जुना आहे. मी उंबऱ्यात आलो की सासरे उठून उभे राहतात, दिसत नसलं तरी. जावयाच्या शब्दाला तिथे कुणी नाही म्हणत नाही. त्या रविवारी बोलणारा कॉम्प्युटर पाहायला शेजारचे तिघेचौघे येऊन बसले होते. लाइट सकाळपासून नव्हती, पण इन्व्हर्टर होता. मी ऐटीत पेन ड्राइव्ह लावला.

खिडकी उघडली, पट्टी थोडी सरकली आणि थांबली. इंटरनेट जोडा, असा निरोप आला. तेव्हा मी फाइलचा आकार पाहिला आणि माझे कान गरम झाले. असली चिमुकली फाइल म्हणजे नुसता निरोप्या. सामान तिच्यात नसतंच, ते तिला नेटवरून आणावं लागतं. ऑफिसात नव्या पोरांना मी याच गोष्टीवरून झापतो. मोबाइल घेऊन गच्चीवर गेलो, टॉवरचा पत्ता नव्हता.

खाली आलो तर शेजारच्या भाऊंनी विचारलं, "क्यों भिया, बोला क्या?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "मशीन खराब है हमारी. जावईबापू क्या करेंगे?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी मात्र मान हलवली आणि जुनं झालंय म्हटलं. शेजारच्यांनीही माना डोलावल्या, पोहे आले, विषय संपला.

देवासला परतल्यावर मी अंगात आल्यासारखा त्या फाइलच्या मागे लागलो. तीच छोटी फाइल चालवली. ती नेटवरून मोठी फाइल आणते, एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवते आणि काम झालं की पुसून टाकते. म्हणून खिडकी बंद न करता तो फोल्डर उघडला, वेड्यावाकड्या नावाची मोठी फाइल शोधली आणि बाहेर काढून ठेवली. मग घरातलं नेट बंद करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून पाहिली. चढली. त्याने मराठी वाचून दाखवलं, जरा नाकात, पण स्वच्छ.

पुढच्या फेरीला ती घेऊन डहीला गेलो. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, ते मला तिथे पोचल्यावर कळलं. टेबलावर टेबलक्लॉथ होता, त्यावर फळांची टोपली होती. कॉम्प्युटर नव्हता.

सासऱ्यांनी तो भंगार नेणाऱ्या कबाड्याला देऊन टाकला होता. चारचौघांत खराब म्हटल्यावर तोच कॉम्प्युटर घरात चालताना दिसला तर लोक काय म्हणतील, असा त्यांचा हिशेब. लिखाण त्यातच होतं. कॉपी करून ठेवायला त्यांना दिसत नव्हतं, आणि कुणाला सांगावं तर मशीन चालतं हे उघडं पडलं असतं.

पेन ड्राइव्ह माझ्या मुठीत होता. मला इतकी लाज वाटली की बसवेना. नवा लॅपटॉप आणून देतो म्हणालो. ते म्हणाले, आणा की, पण एवढं सगळं पुन्हा आठवणार नाही आता. रागाने नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले.

मग मी सांगितलं, "बाबा, मशीन चांगलं होतं. फाइल मी चुकीची आणली होती."

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "दोनदा विचारलं होतं ना तुम्हाला, नेट लागेल का म्हणून."