नानांची अमरी

आता काय सांगू तुम्हाला, मी एका कुंडीसमोर कान धरून उभा राहिलोय! तेही दोन दिवस. हसा, हसा!

भिंगारला आमच्या शेजारी शांताकाकू राहतात. त्यांचे यजमान नाना मागल्या वर्षी वारले. त्यांनी लावलेली अमरी, म्हणजे जमिनीत उगवणारं इवलंसं ऑर्किड, हाच आता काकूंचा जीव. लेकीच्या बाळंतपणाला संगमनेरला निघताना त्यांनी कुंडी माझ्या हवाली केली. "पंधरा दिसांत येते. जप रं मास्तर, नानाच हायेत असं समज."

पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. दिवाळीत पानं पिवळी पडली, मग चक्क नाहीशीच झाली. उरली नुसती माती! मी घाबरून रोज तांब्याभर पाणी ओतत सुटलो. काकूंना कुठल्या तोंडानं सांगणार?

एक दिवस फोनवर त्यांनी विचारलंच. "नाना बरे हायेत न्हवं?"

"एकदम मजेत! कालच नवीन पान फुटलं."

पलीकडून हळूच आवाज आला, "आत्ता? थंडीत? नाना जाताना म्हनले हुते, अवेळी फुटली तर मी आलो समज. उदबत्ती लाव, मी निघते."

खोटं बोलून मी मेलेल्या माणसाला बोलावलं होतं की काय?

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीतली माती उकललेली! आतून पांढरंफटक, ओलसर असं बोटाचं पेर वर आलेलं. दुपारपर्यंत अख्खं बोट! तेही माझ्याच दाराकडे वळलेलं. वाऱ्याचा पत्ता नाही आणि ते हललं. देवाशपथ हललं! मी उदबत्ती लावली, कान धरले. "नाना, चुकलो. काकूंना सांगू नका."

तिसऱ्या दिवशी काकू एसटीतून उतरून थेट आमच्याकडे. पदर सावरून कुंडीसमोर बसल्या. "आलात व्हय?" त्यांनी हात जोडले. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग त्यांनी चष्मा लावला. "मास्तर, ही तर अळंबी हाय!"

मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. "अमरी मेली हो, काकू!"

"मरतीय कशाला! पावसापातूर झोपती ती." त्यांनी बोटानं माती उकरली. खाली कंद होता, टणक. काकूंनी डोळे पुसले. "झोपल्याल्याच्या तोंडावर रोज पानी ओतलंस व्हय रं? शाळंत शिकवतोस तरी काय?"

"मराठी," मी म्हणालो.

विज्ञान शिकवतो हो मी! बुरशीचा धडा दरवर्षी मीच घेतो.