खुशालरावचा क्लच

खुशालराव आणि मी जन्माचे वैरी. मी एसटीत कंडक्टर, तो परतवाड्याहून सेमाडोहकडे काळीपिवळी जीप चालवणारा. मी घंटी मारेपर्यंत हा माझे निम्मे प्रवासी जीपमध्ये कोंबून घाटाला लागलेला असायचा. कितीदा शिव्या घातल्या, कितीदा डेपोत तक्रारी केल्या. पुढे घरं शेजारी-शेजारी झाली, मी रिटायर झालो आणि आता रोज संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर चहा पितो. माणूस तोंडाळ आहे, पण असा ड्रायव्हर मी पाहिला नाही. घाटातल्या वळणावर, मागे कोंबड्यांसकट माणसं लटकलेली असताना, हा गिअर असा बदलायचा की आईच्या मांडीवरचं पोर जागं होत नसे.

जीपला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नाही. ब्रेक, क्लच, सगळं काम घरच्या अंगणात, लिंबाखाली. त्याची बायको मैनाबाई बाजूला बसून पाने हातात देते. कुठल्या नटाला कुठला पाना हे तिला आता विचारावं लागत नाही.

यंदा दिवाळीनंतर त्याने एकच पालुपद धरलं. "क्लच लय जड झाला, कंडक्टर. दबूनच नाई राहिला."

मग एक दिवस घाटात चढावर गिअर बदलताना क्लच अर्धाच दबला, इंजिन बंद पडलं आणि भरलेली जीप मागे घसरली. हँडब्रेक ओढून त्याने ती कठड्याजवळ कशीबशी थांबवली. कोणाला खरचटलंही नाही, पण स्टँडवर बोभाटा झाला. गॅरेजवाल्या धर्मेंद्रने गाडी एक चक्कर चालवून पाहिली आणि म्हणाला, "काका, क्लच चांगला हाये. कायले उघडता?"

झालं, खुशालराव पेटला. "तुया बापाले म्या गिअर टाकणं शिकवलं, अन् तू मले सांगून राहिला?"

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. त्या दिवसांत खुशालरावची डाव्या पायातली चप्पल सारखी वाटेत राहून जायची. हा एका चपलेवर घरी यायचा आणि मागाहून मैनाबाई गल्लीतून दुसरी उचलून आणायची. "ध्यान कुठं रायते जी तुमचं?" ती म्हणायची, आणि आम्ही सगळे हसायचो. त्याला साखरेचा आजार होता हे ठाऊक होतं. पण आमच्या गल्लीत साखर कोणाला नाही?

रविवारी सकाळी गाडी उघडली. धर्मेंद्रला खोटं पाडायचं आणि सोमवारी स्टँडवर पुन्हा नंबर लावायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गाडी चालवणं सुटलं तर आपण काय करायचं, हा विचार त्याने कधी केलाच नव्हता. मला उजेडासाठी हातातली बॅटरी धरायला बोलावलं. माझी कंबर गेलेली, तेवढंच जमतं.

त्याने मागची चाकं दगडांनी अडवली, पुढची लाकडी ठोकळ्यांवर चढवली, गाडीच्या बॅटरीची वायर काढली आणि तो खाली सरकला. मागचा शाफ्ट सुटला, स्टार्टर सुटला. गिअरबॉक्सखाली जुना टायर आणि त्यावर पोत्यांची चळत रचली. शेवटचा बोल्ट निघाला तशी मैनाबाईही पदर खोचून खाली गेली. दोघांनी ते धूड अलगद पोत्यांवर उतरवलं. कोणाची बोटं कुठे येतील, हे दोघांनाही बोलावं लागलं नाही.

क्लचप्लेट बाहेर आली. त्याने ती फडक्याने पुसली, नखाने खरवडली, उन्हात धरली. प्लेट जाड होती. रिव्हेटीही अजून खोल होत्या, घासलेलं काही नव्हतं. मला यातलं काही कळत नाही, पण त्याचा चेहरा मला कळतो. त्याने प्लेट उलटी करून पुन्हा पुसली.

"चांगली दिसते," मी म्हटलं.

"वरून नाई समजत," तो खेकसला. "तू तिकिटं फाड."

तरी त्याने नवी प्लेट बसवली. ती मधोमध राहावी म्हणून त्याने स्वतः तासलेला सागाचा खुंटा आहे, तो घालून बोल्ट आवळले. बेअरिंग नवी टाकली, क्लच दाबला की सरकतो त्या फोर्कला ग्रीस भरलं, गिअरबॉक्स चढवला. ऊन डोक्यावरून उतरलं तरी जेवायचं नाव नाही.

शेवटी क्लचची केबल ताणायची होती. तो खालीच होता. "मैना, बस वं वर. क्लच दाब."

मैनाबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसली. अंगात हाडं तेवढी उरलेली बाई. तिने चवड्याने दाबला.

"दाबला जी."

"पुरा दाब."

"पुराच हाये. खाली टेकला."

खालून पाना ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "जड लागते?"

"नाई बापा. हलकाच तं हाये."

त्याने तिला पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा, पुन्हा. मी वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. केबल कधीच बसली होती. हा पाना बाजूला ठेवून नुसता फोर्कवर हात ठेवून पडला होता, आणि फोर्क दर वेळी पुरा सरकत होता.

तो बाहेर आला. ठोकळे काढून गाडी खाली घेतली. मैनाबाई उतरली, तो चढला. डावा पाय क्लचवर ठेवला, दाबला. क्लच अर्ध्यावर थांबला. त्याने गुडघ्यावर हात ठेवून जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या. अर्ध्यावरच.

मला तिथे उभं राहवेना. ज्याचं वाईट व्हावं असं मी उभी नोकरी चिंतलं, त्याचेच पाने मी कंबर धरून गोळा करू लागलो.

मैनाबाईने दारातून आत पाहिलं. त्याची चप्पल पायातून निसटून खाली पडली होती.  ती वाकली, चप्पल उचलली, त्याचा पाय हातात घेतला आणि हळूच तीत सरकवला. खुशालराव समोर काचेतून रस्त्याकडे पाहत होता. बायकोने आपला पाय हातात घेतला आहे, हे त्याला कळलंच नाही.