उंदराच्या पाठीवरचा ठिपका

पडताळून पाहिल्याशिवाय मी काही मानत नाही. रोह्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो; माल स्वतः मोजल्याशिवाय सही करत नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

माझी सासुरवाडी पेणजवळ हमरापूरची. घरचा गणपतीचा कारखाना. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात — आखणी म्हणतात त्याला. घरातलं कुणी पहिल्यांदा आखणीला बसलं की सगळ्यांनी समोर बसायचं, ही तिथली रीत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझी बायको सुनंदा बसली, तेव्हा मी नव्हतो. पुढच्या पाळीचा रिलिव्हर आला नाही, डबल शिफ्ट पडली. दिवसभर जीव मात्र तिच्यापाशी होता. तरी ती सल तिच्या मनात राहिलीच.

यंदा आमची लेक प्राची पहिल्यांदा बसली. तिचा हात थरथरायला लागला.

"घाबरू नको गो," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या आईचा हात हलला पण नव्हता!"

"हलला होता की," मी सहज बोलून गेलो. "ब्रश खालच्या उंदरावर टेकला, पाठीवर काळा ठिपका उमटला. हिनं अंगठ्यानं पुसला, वर राखाडी रंग फिरवला आणि गालातल्या गालात हसली."

सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय? मी पाहिलं..." आणि थांबलो. मी तिथे नव्हतोच!

"मी कोणालाच बोलले नाय. सगळे डोळ्यांकडे बघत होते, उंदराकडे कोण बघतोय!"

"जावईबापू, मग त्या दिवशी कंपनीत कोण होता?" सासूबाई म्हणाल्या. कारखाना हसला. प्राचीही हसली — आणि त्या हसण्यातच तिचा हात स्थिर झाला. डोळे असे उतरले की बघत राहावं.

नंतर मी पुष्कळ ताळा करून पाहिला. सुनंदानं कधीतरी सांगितलं असेल, मी विसरलो असेन... ती शपथेवर नाही म्हणते. दिवसभर तिचाच विचार करताना मनानं चित्र रंगवलं असेल. पण ठिपका? अंगठा? मूर्तीचं तर केव्हाच विसर्जन झालं, तपासणार कशावर?

परवा शेजारणीनं विचारलं, "तुझ्या पहिल्या आखणीला कोण कोण होतं गो?" सुनंदानं आई, वडील, भाऊ सांगितले आणि म्हणाली, "...आणि हे. अगदी पुढे बसले होते."

चुकीची नोंद मी कधी जाऊ देत नाही. ही जाऊ दिली.